मय्यत कमिटीचा हिशेब मागितला तर दीन बुडतो का?

मय्यत कमिटीबद्दल लिहू नका, असं मला गेल्या महिन्यात तीन जणांनी सांगितलं. एकानं प्रेमानं, एकानं काळजीनं आणि तिसऱ्यानं जरा आवाज चढवून. तिघांचं म्हणणं थोडक्यात असं, की दिवस आधीच वाईट आहेत, वक्फच्या नावानं टीव्हीवर रोज आरडाओरडा चालतो, त्यात आपल्याच लोकांची लक्तरं आपणच चव्हाट्यावर कशाला टांगायची? शिवाय हे सवाबचं काम आहे. पोरं रात्री-अपरात्री उठून कबर खोदतात, तुमच्यासारखी खुर्चीत बसून लिहीत नाहीत.

यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत सख्खे नातेवाईक मय्यतीला हात लावायला तयार नव्हते, तेव्हा मोहल्ल्यातल्या पोरांनीच प्लास्टिकचे अंगरखे चढवून जनाजे उचलले. त्या पोरांविषयी माझी काहीच तक्रार नाही. माझं भांडण कुदळीशी नाही, वहीशी आहे. म्हणजे खरं तर जी वही कधी कुणाला दिसत नाही तिच्याशी.

ज्यांच्या वस्तीत ही पद्धत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या सोलापुरात यंत्रमाग आणि विडीवर जगणाऱ्या मोहल्ल्यांत हातावर पोट असलेलं घर मध्यरात्री आठ-दहा हजार रुपये कुठून काढणार? म्हणून घरटी दरमहा वर्गणी. कमिटीचा मुलगा महिन्याच्या पहिल्या जुम्याच्या आसपास दारात येतो, पन्नास रुपये घेतो, कार्डावर खूण करतो. घरात कुणाचा इंतकाल झाला, की कफनाचं कापड, काफूर, अत्तर, गुस्लचं सामान, कबर खोदणाऱ्याची मजुरी, कबरीवरच्या फळ्या आणि मय्यतीची गाडी हे सगळं कमिटीनं बघायचं. घरच्यांनी फक्त रडायचं. कल्पना सुंदर आहे. मुंबईत, मालेगावात, मिरजेत, कोकणात वेगवेगळ्या नावांनी असंच काहीतरी चालतं आणि ते चालायलाच हवं.

पण या पन्नास रुपयांना म्हणायचं काय? चंदा? सदका? मदत? माझं म्हणणं सरळ आहे. ही अंत्यविधीची आगाऊ दिलेली किंमत आहे. आज पैसे द्यायचे आणि सेवा कधीतरी पुढे, आपण स्वतः बघायला हजर नसू तेव्हा मिळणार. जगात असा दुसरा सौदा नाही, ज्यात माल नीट मिळाला का हे गिऱ्हाईक कधीच तपासू शकत नाही. भाजीवाल्यानं सडकी वांगी दिली तर आपण परत जाऊन भांडतो. कफनाचं कापड ठरल्यापेक्षा हलकं निघालं तर भांडायला कोण येणार?

आमच्या गल्लीतल्या एका खालांची गोष्ट सांगते. नवरा यंत्रमागावर होता. बारा वर्षं कार्ड चालू. मग छातीचं दुखणं लागलं, काम सुटलं आणि पाच महिन्यांची वर्गणी राहिली. म्हणजे 250 रुपये. त्याआधी 139 महिने भरलेले, म्हणजे 6,950 रुपये. नवरा गेला त्या रात्री दीर कमिटीकडे धावला, तर कळलं की कार्ड बंद झालंय. तीन महिने थकले की कार्ड बंद, असा नियम आहे म्हणे. भिशीतून आठ हजार उचलून खालांनी माती दिली. ती भिशी त्या अजून फेडतायत, हजार विड्यांच्या हिशेबानं.

इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या. "टीचर, तुम कायदे की बात करते, चलो ना मेरे संग." गेलो आम्ही दोघी. मी एवढंच विचारलं, की तीन महिन्यांचा नियम कुठं लिहिलाय? कार्डाच्या मागे नव्हता. भिंतीवर नव्हता. कमिटीची नोंदणी झालीय का, विचारलं. "होने वाली है." वार्षिक हिशेब कुठं लागतो, विचारलं. त्यावर सदरसाहेब खुर्चीतून थोडे पुढे सरकले आणि म्हणाले, "मॅडम, ये अल्ला का काम है, इसमें कायदा नक्को लाओ." आणि मग खालांकडे बघून, "आता नवीन कार्ड काढायचं तर प्रवेश फी लागेल. घरात मर्द कोण आहे? त्याच्या नावानं काढू."

बारा वर्षं विड्या वळून त्या कार्डाचे पैसे भरले होते खालांनी. नवऱ्याची मजुरी तर दुकानदाराच्या उधारीतच जायची. तरी कार्डावर त्यांचं नाव कधीच नव्हतं. नवरा गेला आणि त्याच्याबरोबर कार्डही दफन झालं. एकत्र राहणाऱ्या घरात विधवा, तलाकशुदा, नवऱ्यानं टाकलेल्या बायका किती असतात हे सदरसाहेबांना माहीत नाही असं नाही. त्या सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या कार्डावर लटकलेल्या असतात आणि कार्डवाला मर्द रुसला की त्यांचं कफनही रुसतं.

आता मुद्द्याचं बोलू. कमिटीची माणसं एका तोंडानं म्हणतात, हा तआवुन आहे, आपसातली मदत आहे, सदका आहे, म्हणून हिशेब मागू नका. दुसऱ्या तोंडानं म्हणतात, पैसे थकले म्हणून कार्ड बंद. अरे, सदका असेल तर थकबाकी कसली? सदक्यावर तर पहिला हक्क ज्याच्याकडे काही नाही त्याचा. काम सुटलेल्या आजारी माणसाचं कार्ड त्याच दिवशी आणखी पक्कं व्हायला हवं होतं. आणि किंमत असेल, तर मग किंमतीचे नियम लागतील: पावती, अट, हिशेब, परतावा. हिशेबाच्या वेळी सदका आणि वसुलीच्या वेळी किंमत, हे दोन्ही एकाच डब्यात चालणार नाही.

दीनचंच बोलायचं तर बोलूया, मला त्याची भीती नाही. कुरआनातली सगळ्यात लांब आयत कोणती? नमाजेची नाही, रोजाची नाही, हजची नाही. ती सूरह बकरातली 282वी, उधारीच्या व्यवहाराची. मुदतीचा व्यवहार असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं इन्साफानं लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. पन्नास रुपये लहान आहेत म्हणून पावती कशाला, असं म्हणणाऱ्यांनी ती एकदा तर्जुम्यासह वाचावी. जनाजा आणि पैसा यांचा संबंध तर आपल्याला हदीसमधूनच माहीत आहे. कर्ज फेडायला मागे काही न ठेवता गेलेल्या माणसाचा जनाजा आणला, तेव्हा हुजूरांनी स्वतः नमाज पढवली नाही. सोबत्यानं कर्जाची जबाबदारी घेतल्यावर पढवली. देण्याघेण्याची गोष्ट इतकी गंभीर. आणि कफन-दफन हे फर्ज-ए-किफाया आहे. कुणीच केलं नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार. 250 रुपयांसाठी वस्तीनं आपला फर्ज खालांच्या भिशीवर ढकलला, हा मसला कोणत्या किताबात बसतो हे मला एखाद्या मौलानांनी सांगावं. मी शिकायला तयार आहे.

आता कायदा. सदरसाहेबांना नको असला तरी तो आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम 2019, जुलै 2020 पासून लागू. यात ग्राहक म्हणजे फक्त रोख मोजणारा नाही. पैसे दिलेला, द्यायचं वचन दिलेला, काही दिलेला आणि काही राहिलेला, हे सगळे ग्राहक. ज्याच्या परवानगीनं दुसऱ्या कुणाला सेवेचा लाभ मिळतो, तो लाभार्थीही ग्राहक. ग्राहक मेला तर त्याचे वारस तक्रार करू शकतात. ही शेवटची गोष्ट आपल्या विषयात किती महत्त्वाची आहे ते वेगळं सांगायला नको. पूर्ण फुकट दिलेली सेवा मात्र या कायद्यात येत नाही. म्हणूनच 'हा सदका आहे' या वाक्यावर कमिट्यांचा एवढा जीव. पण नाव धर्मादाय ठेवलं म्हणून सुटका होत नाही. डॉक्टरांच्या संघटनेच्या 1995 च्या गाजलेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की जे रुग्णालय सगळ्यांनाच फुकट तपासतं ते कायद्याबाहेर. पण काहींकडून पैसे घेऊन काहींना फुकट तपासणारं कायद्याच्या आत. तेव्हा कार्ड आहे, दर आहे, थकबाकी आहे आणि बदल्यात ठरलेली सेवा आहे, तर आयोगापुढे उभं राहायला जागा आहे. कमिटीचा वकील म्हणेल, आम्ही सभासदांनी आपसात चालवलेली संस्था आहोत, दुकान नाही. म्हणू दे. त्याला ते लेखी म्हणावं लागेल, कागद दाखवून. तेवढं झालं तरी अर्धं काम झालं.

याच कायद्यात, पैसे घेऊन पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. करार मोडल्याच्या मानानं बेसुमार दंड लावणारा करार अन्याय्य करार ठरू शकतो. त्याची तक्रार मात्र जिल्हा नव्हे, राज्य आयोगाकडे जाते. 250 रुपये राहिले म्हणून 6,950 बुडवणं याला तुम्ही काय म्हणाल? आयुर्विमा घ्या. हप्ता चुकला तर सवलतीचे दिवस मिळतात आणि ठरावीक वर्षं हप्ते भरलेले असतील तर पॉलिसी पूर्ण बुडत नाही, रक्कम कमी होते. जिला आपण सूद-बट्ट्याची म्हणून नावं ठेवतो ती विमा कंपनी इतकी माया दाखवते आणि आपली कमिटी नाही!

आपल्याकडे एक मोठी पोकळीही आहे. आगाऊ अंत्यविधीसाठी भारतात वेगळा कायदा नाही. ब्रिटनमध्ये तो कसा आला ते बघण्यासारखं आहे. तिथं लोक अनेक वर्षांपासून अंत्यविधीच्या योजना विकत घेतात. मार्च 2022 मध्ये अशी एक कंपनी बुडाली, सुमारे 46,000 लोकांनी तिच्या योजना घेतल्या होत्या. बहुतेक म्हातारी माणसं, मुलांवर बोजा नको म्हणून पैसे भरलेली. त्याच वर्षी 29 जुलैपासून तिथल्या वित्तीय नियामकानं हा धंदा आपल्या देखरेखीखाली घेतला. अनोळखी फोन करून योजना विकायला बंदी. मध्यस्थाला कमिशन द्यायला बंदी. लोकांचे पैसे वेगळ्या विश्वस्त निधीत किंवा विम्यात ठेवायचे. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम हा, की हप्ते पूर्ण झाले नसले तरी ठरलेला अंत्यविधी द्यायचाच. फार तर पहिल्या दोन वर्षांत मृत्यू झाला तर सेवेऐवजी भरलेले पैसे परत करता येतील. म्हणजे खालांचा नवरा तिथं असता तर बारा वर्षांनंतर कुणी 'कार्ड बंद' म्हणू शकलं नसतं. अमेरिकेत तर 1984 पासून नियम आहे, की अंत्यविधीवाल्यानं प्रत्येक गोष्टीचा वेगळा दर लिहून दाखवायचा आणि फोनवर विचारला तरी सांगायचा. काफिरांचे कायदे म्हणून कुणी नाक मुरडणार असेल तर त्यांनी 282वी आयत पुन्हा वाचावी. दोन्हींत फारसा फरक सापडणार नाही.

आणि हे फक्त मोहल्ल्याच्या कमिटीपुरतं राहणार नाही. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या व्यापार मेळ्यात मुंबईच्या एका कंपनीनं तिरडी सजवून अंत्यविधी सेवेचा स्टॉल लावला होता. लोकांनी फोटो काढून विनोद केले. मला हसू आलं नाही. एकटे राहणारे म्हातारे, परदेशात गेलेली मुलं, ही गरज खरी आहे आणि गरज आहे तिथं पॅकेज येणारच. आपल्याकडे ते हिरव्या रंगात येईल, वर चाँदतारा असेल, आणि आपण पावती मागणार नाही, कारण मागायची सवयच नाही.

राखीव कबरीचा धंदा हा याच झाडाचा दुसरा फाटा. शहरांतली कब्रस्तानं भरलीत. वालिदच्या शेजारी जागा मिळावी असं कुणाला वाटत नाही? त्या वाटण्याचे पैसे घेतले जातात. पण कब्रस्तान वक्फचं असेल तर त्यातली जागा मुतवल्लीला विकताच येत नाही. वक्फ कायद्यात 2013 च्या दुरुस्तीनं वक्फ मालमत्तेची विक्री, बक्षीस, अदलाबदल साफ बंद केली. तेव्हा 'तुमची कबर बुक' असं सांगून कुणी लाखभर घेत असेल, तर तो जे विकतोय ते त्याचं नाही आणि तुम्ही जे घेताय ते तुमचं होणार नाही. उद्या कमिटी बदलली, तिथं दुसऱ्याची माती झाली, तर कोणता कागद दाखवाल? आणि मुळात शहरात दफनाची पुरेशी जागा देणं हे कायद्यानं महानगरपालिकेचं बंधनकारक काम आहे. राखीव कबरीला पैसे मोजणारे श्रीमंत लोक नगरसेवकाला जागेबद्दल एक अर्जही करत नाहीत. ज्याला पैसे मोजून सुटता येतं तो अर्ज कशाला करेल?

आता त्या बदनामीच्या भीतीबद्दल. वक्फवर आणि आपल्या संस्थांवर वाईट नजर ठेवणारे आहेत, नाही असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या हातात काठी कोण देतं? ज्या कमिटीची वही स्वच्छ आहे तिला कुणाची भीती? खालांनी आयोगाकडे तक्रार केली तर कौमची बदनामी होते आणि खालांनी भिशी काढून नवऱ्याला माती दिली तेव्हा झाली नाही, हा कुठला हिशेब? मला तर वाटतं, बदनामीचं नाव घेऊन गप्प बसवलेला प्रत्येक माणूस शेवटी आपल्या संस्थांवरचा भरवसा सोडतो. तो ओरडत नाही. तो फक्त वर्गणी देणं बंद करतो. आमच्या गल्लीत असे किती झालेत ते वर्गणी गोळा करणाऱ्या मुलालाच विचारा.

मी नववी-दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. पत्रलेखनात तक्रारपत्र असतं. सदोष वस्तू दिली म्हणून दुकानदाराला पत्र, रस्त्यावरचे दिवे बंद म्हणून पालिकेला पत्र. उर्दू माध्यमाची आमची मुलं 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत सगळं चोख लिहितात, पैकीच्या पैकी गुण मिळवतात. त्यांच्या घरातून आजवर असं एक तरी पत्र खरंच कुणाला गेलं असेल का? या वर्षी मी वर्गात विषय बदलला. मोहल्ल्याच्या वर्गणी कमिटीला नियमांची प्रत मागणारं पत्र लिहा, असं सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "टीचर, खरं पाठवायचं?" मी म्हटलं, वडिलांना विचार.

मागायचं तरी किती? कार्डाच्या पाठीवर नियम छापा, मराठीत आणि उर्दूत. कोणती सेवा मिळणार, किती दिवस थकले तर काय होणार, आणि मोठी थकबाकी असली तरी मय्यत आधी उचलणार व पैसे नंतर घेणार, हे स्पष्ट लिहा. कार्डावर घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचं नाव असू दे, बाईचंही, आणि नवरा गेला तर कार्ड आपोआप तिच्या नावावर चालू राहू दे, नव्या प्रवेश फीशिवाय. पैसा कमिटीच्या नावाच्या बँक खात्यात, सदरसाहेबांच्या नावाच्या नाही. संस्थेची नोंदणी करून घ्या आणि वर्षाचा तपासलेला हिशेब रमजानच्या आधी मशिदीच्या फलकावर लावा. जकात-सदक्याचे पैसे निघायचा तोच मोसम असतो. जे नोंदणी झालेले ट्रस्ट आहेत त्यांना तर हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं बंधनकारकच आहे, मेहरबानी नाही. वक्फ असेल तर मुतवल्लीलाही तेच लागू.

ज्यांचं कार्ड असं बंद झालंय त्यांना एवढंच सांगते, की घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आपण जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही आणि मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. आधी विचारायचं असेल तर 1915 हा ग्राहकांसाठीचा फोन आहे. खालांचा अर्ज मी लिहून दिलाय, अजून त्यांनी सही केलेली नाही. आधी एकदा कमिटीला लेखी विचारू म्हणतात, मोहल्ल्यातच राहायचंय. त्यांचं बरोबर आहे. कमिटीची बैठक जुम्याच्या नमाजेनंतर मशिदीत होते, तिथं बायकांना जागा नाही. म्हणून आम्ही ते पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं. पोचपावती खालांनी त्याच जुन्या कार्डाला टाचणीनं लावून ठेवली आहे.